तीच भिंत, तोच किनारा

पहिला दिवस : विमानातून दिसलेलं बेट

कोपनहेगनला उतरण्याआधी विमान समुद्रावर कलतं, तेव्हा डाव्या-उजव्या कुठल्यातरी खिडकीतून एक सपाट हिरवं बेट दिसतं. झाडं जवळजवळ नाहीत, टेकडी नाही. पाण्यावर पसरून ठेवलेली गोधडीच जणू. साल्टहोम हे त्याचं नाव. बाकीचे प्रवासी पट्टे सैल करून फोन चालू करायच्या तयारीत होते आणि मी काचेला नाक लावून गाई दिसतात का बघत होते. दिसल्या नाहीत, विमान फार वर होतं. पण बेट दिसलं, एवढ्यावरही माझं समाधान झालं.

थेओडोर फिलिप्सेन (१८४०–१९२०) या डॅनिश चित्रकाराने या बेटावरच्या गाई वर्षानुवर्षं रंगवल्या. दर उन्हाळ्यात गाई चरायला बेटावर जायच्या, त्यांच्यामागे हाही जायचा. कोल्हापुरात तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "बाई, काय काढू?" एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्राला विषय दिलेला असायचा; बाजारातलं दृश्य, नदीघाट, बसस्टॉप. एरवी विषय न देता कागद पुढे ठेवला की पोरं गांगरायची. मी सांगायचे, रोज बघतोस ते काढ. आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या काठाने तेच ते पाणी किती वेळा रंगवलं ते जाऊन बघून ये. पोरांना ते पटायचं नाही. तेच ते कशाला काढायचं?

निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं की जन्मभर 'तेच ते' काढणाऱ्या माणसांकडे एकदा जाऊन यायचं. मोने, रन्वार, देगा, पिसारो या पॅरिसच्या इम्प्रेशनिस्टांकडे, म्हणजे वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेला उजेड रंगवणाऱ्यांकडे, सगळं जग जातं. मला उत्तरेकडच्या, डेन्मार्क-स्वीडन-नॉर्वेच्या चित्रकारांना बघायचं होतं, ज्यांची नावं आमच्या पाठ्यपुस्तकात कधी आली नाहीत. भाची कोपनहेगनला नोकरी करते. तिने नऊ दिवसांची रजा काढली आणि विमानतळावर मला बघताच म्हणाली, "मावशी, आधी घरी चल, पिठलं-भात खा, झोप. चित्रं उद्या."

रात्री साडेदहाला पडदे ओढून झोपले, तेव्हा बाहेर चक्क दिवस होता.

दुसरा दिवस : तंबाखूवाल्याचा संग्रह

हाइनरिश हिर्शस्प्रुंग हा तंबाखूचा कारखानदार. जमवलेली सगळी डॅनिश चित्रं त्याने देशाला दिली आणि १९११ पासून ती ओस्त्रे आनलेग बागेच्या कडेला एका छोटेखानी इमारतीत लोकांना बघायला मिळतात. खोल्या घरासारख्या आहेत. मोठ्या संग्रहालयात पाय दुखतात तसे इथे दुखत नाहीत.

फिलिप्सेनच्या गाई बघितल्या. लांबून गाय, जवळ गेलं की गाय नाहीच. फिका गुलाबी, हिरवट निळा, मध्येच पिवळ्याचा तुटक फटकारा. पांढऱ्या गाईच्या पोटाखालची सावली जांभळी. पॉल गोगँ हा पुढे ताहितीला गेलेला चित्रकार, त्याची बायको मेटे डॅनिश होती. १८८४ च्या शेवटी तो बायकोमुलांपाठोपाठ कोपनहेगनला आला. ताडपत्री विकायची एजन्सी घेतली होती, ती काही चालली नाही, आणि काही महिन्यांत तो पॅरिसला परतला. पण तेवढ्यात त्याची नि फिलिप्सेनची गाठ पडली. रंग पॅलेटवर घोटण्यापेक्षा कॅनव्हासवर शेजारी शेजारी ठेवायचे, सावलीत काळा घालायचा नाही, हे फिलिप्सेनने त्याच्याकडून उचललं आणि आपल्या गाईंना लावलं. डॅनिश चित्रकारांत शब्दाच्या खऱ्या अर्थाने इम्प्रेशनिस्ट कोण, असं विचारलं तर बहुतेक जाणकार याचंच नाव घेतात. बाकी ज्यांना बघायला मी आले होते त्यांच्याबद्दल वाद आहे. कुणी त्यांना वास्तववादी म्हणतं, कुणी नुसतंच उघड्यावर रंगवणारे. मला त्या वादात रस नाही. उजेड हाच ज्याच्या चित्राचा नायक, तो माझ्या यादीत.

पुढच्या खोलीत आना आंकरची 'स्वयंपाकघरातली मुलगी' होती, १८८३ ते ८६ या काळातली. लाल परकरातली कामवाली बाई टेबलाशी उभी, आपल्याकडे पाठ. खिडकीच्या पिवळ्या पडद्यातून ऊन गाळून येतंय. बास, एवढंच. ती काय चिरतेय, निवडतेय, तेही दिसत नाही. मी त्या चित्रासमोरच्या बाकावर अर्धा तास बसले.

शेजारी पी. एस. क्रोयरचं १८९९ चं मोठं चित्र : संध्याकाळचा समुद्रकिनारा, तो स्वतः, बायको मारी आणि कुत्रा. निळं, सगळं निळं. भाची दोन्ही चित्रांत फिरून आली आणि म्हणाली, "ती बाई पाठमोरी का काढली गं? चेहरा दिसला असता तर कळलं असतं ना, कोण आहे ते."

मला लगेच उत्तर देता आलं नाही.

तिसरा दिवस : गाडीतले सहा-सात तास

कोपनहेगनहून निघालेली गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून नि मग लांब पुलावरून बेटं ओलांडते, युटलंडच्या भूमीवर येते आणि उत्तरेला वळते. ऑलबोर्ग, मग फ्रेडेरिक्सहाउन, तिथे गाडी बदलायची. शेवटचा टप्पा दोन डब्यांच्या छोट्या गाडीचा, चाळीसेक किलोमीटरचा. झाडं ठेंगणी होत जातात, मग वाळू, वाळूवरचं गवत, आणि रूळ संपतात तिथे स्कागेन, आना आंकर, क्रोयर आणि मंडळी जिथे जमून रंगवायची ते कोळ्यांचं गाव. तिथली माणसं त्याचा उच्चार 'स्केइन'च्या जवळपास करतात.

हा रूळ १८९० मध्ये आला. त्याआधी इथे यायचं म्हणजे वाळूतून घोडागाडी हाकत यायचं. क्रिस्तिआन क्रोग आणि फ्रित्स थाउलो हे दोन नॉर्वेजियन चित्रकार १८७९ मध्ये सरळ होडीनेच आले. आणि मिकाएल आंकर, बोर्नहोम बेटावरचा मुलगा, पहिल्यांदा आला १८७४ मध्ये. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मोने आणि मंडळींनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं होतं. एकीकडे पॅरिसच्या बुलेव्हारवर कुचेष्टा चालली होती, दुसरीकडे हा तरुण डेन्मार्कच्या टोकाला, जिथे बंदरही नाही अशा कोळीवाड्यात, बूट वाळूत रुतवत हिंडत होता.

घरं पिवळी, कौलं लाल, कौलांच्या कडेने पांढरी रेघ. रात्रीचे अकरा वाजले तरी पिवळा रंग पिवळाच दिसत होता.

चौथा दिवस : आंकरांचं घर, ब्रोंडुमची खानावळ आणि निळी खोली

या दिवसासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

सकाळी आधी मार्कवाय रस्त्यावरच्या आंकरांच्या घरी. मिकाएल आणि आना यांनी हे घर १८८४ मध्ये घेतलं. त्यांची एकुलती मुलगी हेल्गा १९६४ मध्ये वारली, तिने घर जसंच्या तसं मागे ठेवलं, आणि तीन वर्षांनी ते लोकांसाठी उघडलं. भिंतीवर इंचभर मोकळी जागा नाही, सगळीकडे चित्रं. मित्रांनी दिलेली, एकमेकांची काढलेली, दाराच्या चौकटीवरसुद्धा. स्टुडिओत रंगाच्या ट्यूबा, ब्रश, कॅनव्हासच्या चौकटी. आत शिरल्यावर तेलाचा वास येईल असं उगाच वाटत राहतं.

आना ही या गावातलीच मुलगी. बाकी सगळे चित्रकार बाहेरून आले, विषय शोधत आले. ही विषयातच जन्मली. तिच्या आईवडिलांची, ब्रोंडुम कुटुंबाची, गावात खानावळ होती. तिथेच १८ ऑगस्ट १८५९ ला तिचा जन्म. परीकथाकार हान्स क्रिस्तिआन अँडरसन त्याच दिवसांत तिथे उतरला होता. जेवायला उशीर झाला म्हणून त्याने आरडाओरडा केला आणि त्या धांदलीत आनाच्या आईला कळा सुरू झाल्या, अशी गोष्ट गावात सांगतात. चित्रकार येऊन खानावळीत राहायचे, पोरगी त्यांच्या मागे उभी राहून बघायची. पुढे तिने कोपनहेगनला विल्हेल्म क्यून यांच्या वर्गात तीन हिवाळे शिक्षण घेतलं. राजधानीतल्या कला अकादमीचं दार तेव्हा बायकांना बंद होतं, ते १८८८ पर्यंत उघडलं नाही. १८८० मध्ये तिने मिकाएलशी लग्न केलं, १८८३ मध्ये हेल्गा झाली, आणि तिने रंगवणं सोडलं नाही. त्या काळात हे साधं नव्हतं.

तिथून चालत ब्रोंडुम हॉटेल, आणि समोरच स्कागेनचं संग्रहालय. हे संग्रहालय १९०८ मध्ये स्थापन झालं तेही त्याच हॉटेलच्या जेवणघरात. स्थापना करणाऱ्यांत क्रोयर होता, मिकाएल होता, आणि हॉटेल चालवणारा आनाचा भाऊ देग्न ब्रोंडुमही. ते जेवणघर आज संग्रहालयाच्या आत आहे. लाकडी पट्ट्यांमध्ये बसवलेली एकमेकांची व्यक्तिचित्रं, लांब टेबल, मंद उजेड. डेन, नॉर्वेजियन, स्वीडिश, सगळे या एका टेबलाला बसत. भाचीने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली, डोकी संपेनात.

मिकाएलच्या चित्रांत कोळी. तेलकापडाच्या टोप्या, समुद्राकडे लागलेले डोळे, खांद्याला खांदा. स्कागेनला बंदर झालं १९०७ मध्ये. तोवर होड्या वाळूवरून लोटायच्या आणि वाळूवरच ओढून घ्यायच्या, वादळात अडकलेल्या जहाजातली माणसं सोडवायलाही असंच जायचं. म्हणून याचे कोळी कायम किनाऱ्यावर वाट बघत उभे असतात. लार्स क्रुसे या नावाचा कोळी होता, बुडणारी कितीतरी माणसं वाचवणारा. १८९४ मध्ये तो स्वतः बुडाला. दोन वर्षांनी मिकाएलने रंगवलेलं 'बुडालेला माणूस' इथे आहे. टेबलावर प्रेत, भोवती माणसं दाटलेली. मान्य करायला हवं, मिकाएल मोठा होता. पण त्याच्या चित्रांपुढे मला आधी गोष्ट कळते, मग रंग दिसतो.

आनाकडे उलटं होतं.

'निळ्या खोलीतलं ऊन', १८९१. छोटंसं चित्र आहे, छापील पुस्तकात मोठं वाटतं. आजीच्या खोलीत सात-आठ वर्षांची हेल्गा पाठमोरी बसून क्रोशाने विणतेय. भिंत निळी. डावीकडच्या खिडकीतून ऊन आलंय नि भिंतीवर त्याचे चौकोन पडलेत. घटना काहीच नाही. पण त्या उन्हाच्या चौकोनात निळी भिंत निळी राहिलेली नाही; पिवळसर, किंचित पोपटी झालीय, कडेला जांभळी झाक, आणि पोरीच्या केसांच्या कडा पेटल्यासारख्या. निळ्यावर ऊन पडलं की निळ्याचं काय होतं, एवढा एकच प्रश्न तिने घेतलाय आणि तो शेवटापर्यंत सोडवलाय. मी मुलांना रंगचक्र शिकवताना फळ्यावर जे वर्षानुवर्षं काढलं, ते सगळं त्या एका भिंतीत होतं.

आणि मग ती भिंतीचाच पाठलाग करत गेली. पुढच्या वर्षांत माणूसही नको झालेला दिसतो. १९१० नंतरचं एक चित्र आहे, मार्कवायच्या स्टुडिओतलं संध्याकाळचं ऊन. त्यात फक्त भिंत, जमीन आणि केशरी उजेडाचे तुकडे. तारीख झाकून दाखवलं तर हे चित्र कधीचं ते सांगता यायचं नाही, इतकं नवं. १९३५ मध्ये ती वारली तोवर घर तेच, खिडक्या त्याच. जगात काय चाललंय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. १८८९ च्या सुमाराला ती पॅरिसला राहून आली होती, प्युव्ही द शव्हानच्या स्टुडिओत शिकली होती. सगळं बघून ती आपल्या भिंतीकडे परत आली.

बाहेर येऊन बसलो. भाचीने कॉफी आणली. तिला म्हटलं, "तुझ्या परवाच्या प्रश्नाचं उत्तर थोडं सापडलंय. चेहरा दिसला की आपण चेहराच वाचतो. पाठ दिसली की आपण ती जिकडे बघतेय तिकडे बघतो."

"म्हणजे भिंतीकडे?"

"भिंतीकडेच."

एके काळी डेन्मार्कच्या १००० क्रोनरच्या नोटेवर आना आणि मिकाएल शेजारी शेजारी छापलेले होते. भाचीने ती नोट कितीदा हाताळली होती, नाव कधी वाचलं नव्हतं, असं तिने स्वतःच सांगितलं.

पाचवा दिवस : दोन समुद्र आणि २३ जूनची आग

गावापासून उत्तरेला ग्रेनेन. डेन्मार्कची भूमी इथे वाळूच्या निमुळत्या जिभेसारखी संपते. एका बाजूने स्कागेराक, दुसरीकडून काटेगाट; दोन समुद्रांच्या लाटा समोरासमोर येऊन एकमेकींवर आपटतात आणि मधोमध पांढरी शिवण उसवत राहते. एक पाय या समुद्रात, एक त्या समुद्रात ठेवून सगळे उभे राहतात, आम्हीही राहिलो. पोहायला सक्त मनाई आहे, ओढ फार. परत येताना वाळूच्या टेकाडात होल्गर ड्राखमानची समाधी लागली. कवी आणि समुद्राचा चित्रकार, १९०८ मध्ये गेला. त्याला समुद्राच्या इतक्या जवळ पुरलंय की वाळू सारखी दारात येते.

उजेड वेगळा का, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. तिन्ही बाजूंनी पाणी, खाली फिकट वाळू. वरून येणारा उजेड खालूनही परत येतो. हनुवटीखालची सावलीसुद्धा उजळ असते. आणि उत्तर इतकी की जूनमध्ये सूर्य क्षितिजाखाली जातो तो फार खोल जातच नाही, तिरका सरकत राहतो. त्यामुळे रात्रभर संधिप्रकाश मिटत नाही. तिथले लोक ज्याला निळी वेळ म्हणतात ती आपल्याकडच्या कातरवेळेसारखी झटकन संपत नाही, तासन् तास रेंगाळते.

क्रोयरने हीच वेळ धरली. तो जन्मला नॉर्वेतल्या स्टावांगरला, वाढला कोपनहेगनला मावशीकडे, इथे पहिल्यांदा आला १८८२ मध्ये. १८९३ चं त्याचं चित्र काल पाहिलं होतं : आना आंकर आणि क्रोयरची बायको मारी, दोघी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून चालत चालल्यात, पांढरट झगे, पाठ आपल्याकडे, पुढे किनाऱ्याची वळत गेलेली ओली रेघ. समुद्र कुठे संपतो नि आकाश कुठे सुरू होतं ते दाखवायचं त्याने टाळलंय. आज संध्याकाळी त्याच किनाऱ्यावरून चालताना मला ती रेघ दिसली. ओल्या वाळूचा निळा आणि पाण्याचा निळा यांत सुताएवढा फरक असतो, आणि तो दर पावलाला बदलतो.

मारीबद्दल थोडं लिहायलाच हवं. तीही चित्रकार होती, पॅरिसला शिकलेली, चांगल्या हाताची. लग्नानंतर तिचं रंगवणं मागे पडत गेलं आणि जगाला ती क्रोयरच्या चित्रातली सुंदर बायको म्हणून माहीत राहिली. आनाला जे मिळालं, मोकळीक, घर, बरोबरीने रंगवणारा नवरा, ते तिच्या वाट्याला आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पुढे ती हुगो आल्फवेन या स्वीडिश संगीतकाराबरोबर गेली, १९०५ मध्ये क्रोयरशी घटस्फोट झाला. क्रोयरची मनाची दुखणी होती, शेवटी शेवटी दृष्टीही जात चालली होती.

आणि तरी त्याने 'स्कागेन किनाऱ्यावरची मध्य-उन्हाळ्याची आग' हे अडीच मीटर रुंदीचं चित्र १९०६ मध्ये पुरं केलं. आगीभोवती सगळं गाव उभं आहे, तांबूस उजेडात उजळलेले चेहरे. मागे एका होडीला टेकून मारी आणि आल्फवेन. सोडून गेलेल्या बायकोला आणि ती ज्याच्याबरोबर गेली त्याला, दोघांनाही त्याने चित्रात राहू दिलंय, तेही सन्मानाने. संग्रहालयात काल या चित्रापाशी मी गप्प झाले होते.

आज २३ जून, सांक्ट हान्सची रात्र, म्हणून किनाऱ्यावर तीच आग. आपल्या होळीसारखाच लाकडांचा ढीग, वर जुन्या कपड्यांची चेटकीण बांधलेली. ती बाहुली मला बघवली नाही. जिवंत बायका जाळल्याचा इतिहास तिथेही आहे, तो असा खेळात यावा हे मला रुचत नाही. पण आग लागल्यावर माणसं हळू आवाजात गाऊ लागली, म्हातारी, तरुण, पोरं, सगळ्यांना शब्द पाठ. भाची म्हणाली, "मावशी, हे ड्राखमानचं गाणं. १८८५ चं. सगळ्या देशात आज हेच म्हणतात." सकाळी ज्याच्या समाधीवरची वाळू पायाने सारली होती, त्याचेच शब्द. आगीचा उजेड केशरी, आकाश निळं, आणि मध्ये उभ्या माणसांच्या अर्ध्या कडा केशरी, अर्ध्या निळ्या. क्रोयरने एकही रंग वाढवून घातला नव्हता.

सहावा दिवस : बोट

सकाळी छोटी गाडी, मग फ्रेडेरिक्सहाउनहून बोट. साडेतीन तासांत काटेगाट ओलांडून स्वीडन. पाऊस होता. करड्या समुद्रातून करडे खडक वर आले आणि बोट पुलाखालून योटेबोरी शहरात शिरली. रात्री लवकर झोपलो.

सातवा दिवस : टोस्ट

योटेबोरीच्या कलासंग्रहालयात वरच्या मजल्यावर फ्युर्स्टेनबेरी दालन आहे. पोंटुस फ्युर्स्टेनबेरी हा इथला व्यापारी. तो आणि त्याची बायको योथिल्डा यांनी स्वीडनमधले नवे चित्रकार नावारूपाला येण्याआधीच त्यांची चित्रं घेतली, घरातच दालन करून लोकांना दाखवली आणि शेवटी शहराला देऊन टाकली.

क्रोयरचं 'हिप हिप हुर्रे!' इथे आहे. स्कागेनच्या बागेत झाडाखाली टेबल, पांढरी चादर, बाटल्या, हात उंचावून पेले. १८८४ मध्ये सुरू केलं, १८८८ मध्ये संपलं. पानांमधून गळणारं ऊन चादरीवर, टोपीवर, काचेवर. मिकाएल आहे, क्रोयर स्वतः आहे, नॉर्वेचा क्रोग आहे, स्वीडनचा ओस्कार ब्योर्क आहे, आना आहे आणि तिला बिलगलेली छोटी हेल्गा. ब्रोंडुमच्या जेवणघरात परवा जी टाळकी भिंतीवर पाहिली, ती इथे उन्हात उभी. खुशीचं चित्र आहे, आणि चार वर्षं घासून केलेलं आहे. चादरीच्या पांढऱ्यात मी सात-आठ रंग मोजले, पांढरा त्यात सगळ्यात कमी.

स्वीडिश मंडळींत आंडर्स सोर्नचं 'उघड्यावर', १८८८. खडकांवर आंघोळीला आलेल्या बायका, मागे पाणी. सोर्नचा विषय पाणी, असं मी म्हणेन. अंगं, खडक, होड्या ही पाण्याला येऊन भेटणारी माणसं-वस्तू. ब्रूनो लिलयेफोर्स ससे, कोल्हे, पक्षी रंगवायचा, घरी प्राणी पाळून त्यांच्या हालचाली टिपायचा. कार्ल लार्सन पुढे आपल्या घराचा आणि पोराबाळांचाच चित्रकार झाला. त्यांच्यासाठी आणखी एक दिवस हवा होता, तो नव्हता. दुपारची गाडी धरून पावणेचार तासांनी ओस्लो.

आठवा दिवस : दुसरी निळी खोली

नॉर्वेचं राष्ट्रीय संग्रहालय २०२२ पासून नव्या इमारतीत आहे, बंदरालगत. मुंकच्या 'किंकाळी'पुढे रांग होती. मुंक तरुणपणी ज्याच्या मार्गदर्शनाखाली रंगवायचा तो क्रोग मात्र निवांत भेटला.

क्रोगची 'आजारी मुलगी', १८८१. ही मुलगी पाठमोरी नाही. पांढऱ्या उशीवर टेकून, हातात गुलाब, थेट आपल्याकडे बघतेय. क्रोगची बहीण क्षयाने गेली होती. भाची त्या चित्रापुढून लवकर हलली. क्रोगचा विषयच हा : थकलेली आई, शिवणकाम करता करता पेंगणारी मुलगी, पावासाठी हात पुढे करणारा जमाव. वेश्यांची तपासणी करणाऱ्या पोलीस डॉक्टरच्या दारात उभ्या केलेल्या मुलीची गोष्ट त्याने आधी कादंबरीत लिहिली, ती सरकारने जप्त केली, मग त्याने तीच भल्यामोठ्या कॅनव्हासवर उभी केली. त्याला माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा होता, म्हणून त्याने चेहरे रंगवले. उजेड त्याच्याकडे चाकरीला होता.

आणि मग हॅरिएट बाकर.

'निळी खोली', १८८३. आनाच्या निळ्या खोलीच्या आठ वर्षं आधीची. पॅरिसमधली भाड्याची खोली, खिडकीशी बसून शिवणारी मैत्रीण, तीही चित्रकार, आस्ता नोरेगोर. थेट ऊन नाही, नुसता खिडकीतून आलेला मऊ उजेड. पण त्या उजेडात लाकूड, कापड, कुंडीतली पानं सगळ्यांनी एकमेकांचे रंग घेतलेत. आनाचा निळा उन्हाने भंगतो, हॅरिएटचा निळा सावलीत मुरतो. एकमेकींजवळ टांगता आली असती ही दोन चित्रं तर! मी मोबाइलवर एक आणि समोर एक असं धरून बघितलं. हॅरिएट (१८४५–१९३२) दहा वर्षं पॅरिसला राहिली, परत येऊन खेड्यांतली घरं आणि चर्चं आतून रंगवत राहिली. 'तानुम चर्चमधलं बारसं', १८९२ : आपण चर्चच्या आत, अंधारात, आणि उघड्या दारातून बाहेरच्या हिरव्या उन्हातून बाळाला घेऊन बायका येतायत. एकेका चित्राला ती फार वेळ घ्यायची. शिवाय वीसेक वर्षं ती चित्रकलेचे वर्ग चालवत होती. शिकवून उरलेल्या वेळात रंगवणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

थाउलोचं वाहतं पाणी पाहिलं, सिमोआ नदीवरचा हिवाळा, १८८३. बर्फाच्या काठांमधून तपकिरी-हिरवं पाणी. गोगँच्या बायकोची बहीण थाउलोची पहिली बायको. म्हणजे कोपनहेगनचा तो ताडपत्रीवाला इथेही सोयऱ्याच्या नात्याने हजर.

निघता निघता दोन चित्रं दिसली, दोन्हीचं नाव 'उन्हाळ्याची रात्र', दोन्ही १८८६ ची. एक किटी शेलांडचं, एक एइलिफ पेटरसेनचं. त्या उन्हाळ्यात ओस्लोजवळच्या फ्लेस्कुम शेतावर चित्रकार जमले होते, आणि तिथल्या डेली तळ्यावर या दोघांनी आपापलं चित्र केलं. किटी मूळची स्टावांगरची, एरवी येरेनच्या दलदली आणि पीटची, म्हणजे कुजलेल्या पाल्याची, माती रंगवणारी, तिच्या पाण्यात कमळपानं आणि खोल शांतता. पेटरसेनच्या पाण्यात अर्धा चंद्र आणि काठाला झाडं. तळं एकच, रात्री सारख्याच, पाणी दोन वेगळी.

भाची म्हणाली, "उद्या संध्याकाळचं विमान आहे. सकाळी काय करायचं?"

मी म्हटलं, "सकाळी नाही. आत्ताच जाऊ या रात्री."

आठव्या रात्रीपासून नवव्या दिवसापर्यंत : डेली तळं

मेट्रोच्या तीन नंबरच्या गाडीचं शेवटचं स्टेशन कोल्सोस. उतरल्यावर समोर त्याच नावाचा डोंगर, सपाट माथ्याचा, एका बाजूने कातीव. १८९५ च्या हिवाळ्यात मोने इथे, सांडविकाला येऊन राहिला होता, आणि बर्फातला हाच डोंगर त्याने पुन्हा पुन्हा रंगवला. त्याला जपानच्या फुजी पर्वताची आठवण यायची. दोनेक महिने राहून गेला. त्याच्या आधी नऊ वर्षं डोंगराच्या पायथ्याच्या तळ्याशी किटी बसून गेली होती. डोंगरावरची मोनेची चित्रं जगभर माहीत आहेत.

वाट शेतांतून जाते. माझा गुडघा कुरकुरत होता, भाचीने पिशवी घेतली. साडेदहाला तळं लागलं. कडेला लव्हाळी, पाण्यावर कमळपानं, पलीकडे झाडी, तिच्यावर डोंगराची काळी कड. पाण्यात आकाश जास्त उजळ दिसत होतं आणि वर आकाश कमी. असं का होतं ते मला शास्त्राने सांगता येणार नाही, पण किटीच्या चित्रात ते तसंच होतं आणि दुपारी मला ती तिची चूक वाटली होती.

छोटी जलरंगाची पेटी उघडली. नऊ दिवसांत पहिल्यांदा. पॅरिसचा निळा जवळ नव्हता, अल्ट्रामरीन आणि थोडी हिरवी यांवर भागवलं. पहिला कागद बिघडला. दुसऱ्यावर पाणी जरा बसलं, झाडांची कड फार कडक झाली. भाची थोडं पुढे, अगदी काठाला जाऊन उभी होती, हात मागे बांधून, पाण्याकडे बघत. तिसऱ्या कागदावर ती आपोआपच आली.

"मावशी, झालं का? शेवटची गाडी बघायला हवी."

"हलू नकोस. अजून पाच मिनिटं."

"माझा चेहरा तर दिसतच नाहीये तुला."

"नकोच आहे," मी म्हटलं, आणि ब्रश पाण्यात बुडवला.